खेळते भांडवल

कर्जाचा प्रस्ताव हाती आला की जुना बँक अधिकारी पहिले पान सर्वांत शेवटी वाचतो. पहिल्या पानावर अर्जदाराची सगळी चांगली बाजू असते : उलाढाल, मागणीपत्रे, नव्या यंत्रसामग्रीची वर्णने. कामाची माहिती मागच्या पानांत असते. राखीव निधी किती, देणी कधी भागवायची, कोणत्या कराराची मुदत केव्हा संपते. उमेदीची सारी वर्षे मी ही मागची पाने वाचण्यात घालवली आणि मग कादंबऱ्या लिहू लागलो. सवय मात्र गेली नाही.

फुटबॉल क्लबची विजेतेपदाची आशा हाही एक प्रस्तावच असतो. मोसम तोंडावर आला की आमच्या नेरुळच्या सोसायटीतली मुले मला विचारतात, ‘‘काका, यंदा मुंबई सिटी जिंकणार का?’’ निवृत्त माणसाला सर्व विषयांवर मत असते अशी त्यांची समजूत आहे, आणि ती फारशी खोटी नाही. संघातली अकरा नावे त्यांना तोंडपाठ असतात. मी त्यांना चौदावे आणि अठरावे नाव विचारतो. तिथे मुले अडखळतात. आजचा लेख त्या अडखळण्याच्या जागेविषयी आहे.

आपल्याकडे फुटबॉलचा मोठा मोसम हिवाळ्याचा. पावसाळा ओसरून मैदाने वाळली की इंडियन सुपर लीग सुरू होते आणि ऊन तापण्याच्या आत ती उरकण्याची घाई असते. त्यातच राष्ट्रीय संघाचे सामने येतात, एखादी बाद पद्धतीची स्पर्धा येते, आणि नशीब जोरावर असेल तर आशियातल्या क्लबांची स्पर्धाही येते. लग्नसराईत मंगल कार्यालयाची जी अवस्था होते तीच डिसेंबर-जानेवारीत क्लबची होते. सकाळचा मांडव उतरत नाही तोच संध्याकाळचे वऱ्हाड दारात. फरक इतकाच, की कार्यालयाला दुसऱ्या पाळीची माणसे मिळतात. खेळाडूच्या पायांना दुसरी पाळी नसते. तीन-चार दिवसांच्या अंतराने पूर्ण नव्वद मिनिटे खेळत राहिले की मांडीचा मागचा स्नायू आधी कुरकुरतो, मग संप पुकारतो.

नवी मुंबईकरांना हे पहिल्याच वर्षी घरबसल्या पाहायला मिळाले. ही लीग १२ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाली आणि २० डिसेंबरला संपलीसुद्धा. ८ संघ, ६१ सामने, ७० दिवस! मुंबई सिटीचे घर तेव्हा नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम होते. १८ ऑक्टोबरला या मैदानावर त्यांनी पुण्याच्या संघाला ५-० असे लोळवले; ब्राझीलच्या आंद्रे मॉरित्झने तीन गोल करून लीगमधली पहिली हॅटट्रिक नोंदवली. पहिले पान इतके देखणे असताना मोसम संपला तेव्हा संघ आठांत सातवा होता.

अंतिम सामनाही नेरुळलाच झाला. कोलकाता आणि केरळ यांच्यात नव्वद मिनिटांत एकही गोल झाला नव्हता. जादा मिनिटे सरत आली असताना कॉर्नरवर मोहम्मद रफीकने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि कोलकाता विजेते झाले. दोन्ही बाजूंना परदेशातली नामांकित मंडळी होती. गोल केला तो उशिरा मैदानात उतरलेल्या बदली खेळाडूने.

याच मैदानाने याची उलटी बाजूही पाहिली आहे. २३ जानेवारी २०२२ रोजी आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेत भारताचा सामना येथे चिनी तैपेईशी होता. करोनाने संघाला असे ग्रासले, की नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. यजमान असलेला भारत स्पर्धेतूनच बाहेर पडला आणि त्याबरोबर विश्वचषकाकडे जाणारी वाटही बंद झाली. आता क्रिकेटचे एक उदाहरण देतो. फुटबॉलच्या चाहत्यांनी रागावू नये. महिलांच्या विश्वचषकात ऑक्टोबर २०२५ मध्ये नेरुळलाच प्रतिका रावल जखमी झाली. तिच्या जागी मूळ संघात नसलेली शेफाली वर्मा आली, आणि २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात तिने ८७ धावा आणि २ बळी अशी कामगिरी करून सामन्याची मानकरी होण्याचा मान मिळवला. राखीव खेळाडू नसला म्हणजे काय होते आणि वेळेवर मिळाला म्हणजे काय होते, हे दोन्ही एकाच मैदानावर चार वर्षांच्या आत आपण पाहिले.

बँकेत ठेवींचा ठरावीक भाग रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो आणि त्यावर व्याज मिळत नाही. नव्याने लागलेल्या अधिकाऱ्यांना हा पैसा वाया गेल्यासारखा वाटतो. बाकावर बसलेल्या खेळाडूचा पगारही क्लबच्या मालकांना तसाच वाटत असणार. पण ज्या दिवशी काउंटरपुढे रांग लागते त्या दिवशी बँक तरते ती अशा पडून राहिलेल्या पैशावर. क्लबच्या दारात अशी रांग हिवाळ्यात लागते.

मुंबई सिटीच्या यशाचा हिशेब मांडण्याआधी एक खुलासा. या लीगमध्ये २०२४-२५ च्या मोसमापर्यंत दोन विजेतेपदे असत. साखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघाला शील्ड मिळे, आणि वरच्या संघांत पुन्हा बाद पद्धतीने सामने होऊन कप दिला जाई. विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगायचे तर शील्ड म्हणजे वर्षभराच्या चाचण्यांची बेरीज आणि कप म्हणजे एका दिवसाची तोंडी परीक्षा. हुशार मुलगा तोंडी परीक्षेत घसरू शकतो. चाचण्यांची बेरीज सहसा खोटे बोलत नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीच्या मालकांचा सिटी फुटबॉल ग्रुप मुंबईत आला आणि त्याने क्लबचे ६५ टक्के भाग घेतले. मुंबई सिटीने तोवर नेरुळ सोडून अंधेरीला बिऱ्हाड केले होते. २०२०-२१ चा सारा मोसम करोनामुळे गोव्यातल्या तीन मैदानांवर, बंदिस्त वातावरणात झाला. प्रत्येक संघाला २० साखळी सामने खेळायचे होते. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्याकडे आघाडीला ओग्बेचे आणि ल फाँड्र असे दोन कसलेले वीर होते. एकाला विश्रांती दिली तरी गोलाची चिंता नसे. साखळीच्या अखेरीस मुंबई आणि एटीके मोहन बागान यांचे ४०-४० गुण झाले आणि शील्ड मुंबईला मिळाली. १३ मार्च २०२१ रोजी बिपिन सिंगच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलाने कपही आला. २०२२-२३ मध्ये तर संघ सलग १८ सामने हरला नाही, त्यातले ११ ओळीने जिंकला, आणि दोन सामने बाकी असतानाच शील्ड खिशात टाकली.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो २०२३-२४ चा हिवाळा. त्या वर्षी मुंबईला आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये स्थान मिळाले होते. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी सौदी अरेबियाचा बलाढ्य अल हिलाल संघ नेरुळला आला. नेमार याच क्लबचा. तो येणार म्हणून मुलांनी महिनोन्‌महिने वाट पाहिली होती. पण त्याचा गुडघा ऑक्टोबरात ब्राझीलकडून खेळताना दुखावला होता. मुंबई ०-२ अशी हरली. गटातले सहाही सामने ती हरली. एका पायाने आशियात आणि दुसऱ्या पायाने देशातल्या लीगमध्ये उभे राहायचे, तर बळ दुप्पट लागते. नोव्हेंबरच्या मध्यावर प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडला निघून गेले. पेट्र क्राट्की डिसेंबरात आले, म्हणजे मांडव भरलेला असताना आचारी बदलला.

त्यानंतर २० डिसेंबरला अंधेरीत मोहन बागानशी सामना झाला. मुंबई २-१ अशी जिंकली खरी, पण पंचांनी एकूण ७ लाल कार्डे दाखवली आणि त्यांतली ४ मुंबईची होती. लाल कार्ड म्हणजे पुढच्या सामन्यातही बंदी. अवघ्या चार दिवसांनी कोचीला केरळशी गाठ होती; तिथे मुंबई ०-२ अशी हरली. मिळवलेले तीन गुण आणि पुढे बुडालेले तीन गुण एकाच संध्याकाळच्या हिशेबातले होते. जानेवारीत ग्रेग स्ट्युअर्ट क्लब सोडून गेला, आणि कतारमधल्या आशियाई चषकासाठी क्लबचे अनेक खेळाडू राष्ट्रीय संघात गेले.

इतके होऊनही १५ एप्रिल २०२४ रोजी मुंबई कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर उतरली तेव्हा शील्डसाठी फक्त बरोबरी पुरेशी होती. ती साधली नाही. मोहन बागानने २-१ असा विजय मिळवला आणि शील्ड ४८ विरुद्ध ४७ अशा एका गुणाने गेली. सात कार्डांच्या संध्याकाळचे मोल तेव्हा कळले. मात्र लगेच २४ एप्रिलला फातोर्ड्याला, गोव्याविरुद्ध ०-२ असे मागे असताना नव्वदाव्या मिनिटापासून तीन गोल करून मुंबईने सामना फिरवला. ४ मे रोजी ती पुन्हा त्याच सॉल्ट लेकवर, त्याच मोहन बागानपुढे उभी राहिली आणि ३-१ अशी जिंकून कप घेऊन आली. शेवटचा गोल याकुब वोयटुशचा. हा स्लोव्हाक खेळाडू मोसम अर्धा सरल्यावर आणलेला होता आणि त्या दिवशी बदली म्हणून उतरला होता.

या हिवाळ्याचा अर्थ मी असा लावतो. भक्कम अकरा जणांच्या बळावर कप जिंकता येतो. शील्डसाठी अठरा लागतात. आणि हे अठरा टिकवून ठेवणे त्यांना शोधण्यापेक्षा कठीण असते. २०२४ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या तिजोरीतून मोठी रक्कम एकदम काढली गेली. अपुइया मोहन बागानकडे गेला. राहुल भेके, पेरेरा डियाझ आणि नोगुएरा हे तिघे बंगळुरूकडे. पुढच्या मोसमात मुंबई कशीबशी सहावी आली आणि २९ मार्च २०२५ रोजी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात तिला बंगळुरूने ५-० असे धुतले. दुसऱ्या शाखेत गेलेल्या ठेवी आपल्याविरुद्धच वापरल्या जाताना पाहणे काय असते, ते कोणत्याही शाखाधिकाऱ्याला विचारावे.

इथवर गोष्ट एका क्लबची होती. यापुढे ती साऱ्या भारतीय फुटबॉलची होते, कारण ज्या वेळापत्रकासाठी राखीव खेळाडू ठेवायचे ते वेळापत्रकच २०२५ च्या हिवाळ्यात नाहीसे झाले.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी एका कंपनीला दिले. करार ७०० कोटी रुपयांचा होता. लीग त्याच करारातून जन्माला आली. पंधरा वर्षे म्हणजे डिसेंबर २०२५. हे कळायला ज्योतिषी नको, दिनदर्शिका पुरे. बँकेत मुदत संपणाऱ्या खात्याची नोंद काही महिने आधी वेगळ्या वहीत होते आणि ग्राहकाला नूतनीकरणाचे पत्र जाते. इथे जुलै २०२५ मध्ये, मोसम दोन महिन्यांवर आला असताना, लीग स्थगित झाल्याचे क्लबांना कळले. बंगळुरूने ऑगस्टमध्ये पहिल्या संघाचे पगार बेमुदत थांबवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतेच. नव्या हक्कांसाठी निविदा काढल्या. नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा एकही निविदा आली नव्हती. ८ डिसेंबरला जुना करार संपला. त्याच महिन्याच्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईतला आपला हिस्सा मूळ मालकांना देऊन काढता पाय घेतला.

गोव्यातला सुपर कप डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आटोपला. मुंबईने तिथे उपांत्य फेरी गाठली होती. त्यानंतर थेट १४ फेब्रुवारी २०२६ पर्यंत लीगचा एकही सामना नव्हता. केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जानेवारीत घोषणा केल्यावर १४ क्लबांचा आखूड मोसम ठरला : प्रत्येकाशी एकदाच गाठ, प्रत्येकी १३ सामने, एकूण ९१.

साखळीतल्या सामन्यांची संख्या क्रमाने पाहिली तर सारी कथा ध्यानात येते. २०१४ मध्ये प्रत्येक संघाला १४ सामने होते. लीग वाढत गेली तसे ते १८ झाले, मग २०, मग २२, आणि २०२४-२५ मध्ये २४. पुढच्याच वर्षी १३. अकरा वर्षे चढलेला जिना एका पावलात उतरलो. तेरा सामन्यांच्या लीगमध्ये नशिबाचा वाटा मोठा असतो. एखादा चुकीचा ऑफसाइड, एखादी पेनल्टी शील्ड इकडची तिकडे करते. तेव्हा राखीव फळीवर पैसा कोण आणि का घालील? आणि राखीव फळीत सहसा कोण असतात? अठरा-वीस वर्षांची आपलीच मुले. पहिल्या अकरांतल्या परदेशी खेळाडूला दुसरा देश मिळतो. लीग आखडली की भुर्दंड पडतो तो सोळाव्या-सतराव्या नावाला.

हे मला जवळचे वाटते याचे कारण आमच्या शहरातच आहे. घणसोलीला रिलायन्सची निवासी फुटबॉल अकादमी २०१५ पासून आहे. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना नेरुळला झाला, २०२२ मध्ये त्याच वयाच्या मुलींचा अंतिम सामनाही इथेच. ते पाहून बूट घेतलेली मुले आता दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर आहेत, काही तो ओलांडूनही गेली आहेत. त्यांचे आई-वडील मला विचारतात, ‘‘याला खेळू द्यावे का?’’ पूर्वी उत्तर सोपे होते. मुंबईत बँकांचे, रेल्वेचे, एअर इंडियाचे संघ होते. चांगल्या खेळाडूला नोकरी मिळे. दुपारनंतर सराव, सकाळी लेजर. खेळ संपला तरी पेन्शन उरे. पुढे खेळ व्यावसायिक झाला, पगार वाढले आणि पायाखालची ती फळी निघाली. राष्ट्रीय विजेता झालेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१७ मध्ये. क्लब मिटण्याचा अनुभव मुंबईला नवा नाही.

कोल्हापूरकर हे वाचून मिशीत हसत असतील. तिथे राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने हिवाळ्यात रंगतात आणि पेठा ओस पडतात. त्या फुटबॉलला आपली भांडणे आहेत, पैशाची चणचण आहे. पण तो एखाद्या कराराच्या शेवटच्या तारखेवर टांगलेला नाही. तालमीच्या मागे पेठ आहे, हेच त्याचे तारण. २०१७ च्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. मुंबई सिटीला पेठ नाही हे खरे. पण अंधेरीला लोकल बदलत जाणारी, निळी जर्सी घातलेली नेरुळ-वाशीची पोरे आहेत. त्यांची ताळेबंदात नोंद कुठे करावी हे लेखापालांना सुचत नसेल. ती मालमत्तेच्या बाजूला येतात एवढे मी खात्रीने सांगतो.

आता मुलांच्या प्रश्नाचे उत्तर. मुंबई सिटी पुन्हा विजेती होऊ शकते. दोन शील्ड आणि दोन कप जिंकलेल्या क्लबाविषयी दुसरे काही म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर संघाची यादी जाहीर होईल तेव्हा मी तीन गोष्टी पाहणार आहे. बाराव्यापासून अठराव्यापर्यंतची नावे कोणती आणि त्यांत आपली किती. महत्त्वाच्या पाच-सहा जणांचे करार एकाच उन्हाळ्यात संपत नाहीत ना. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची : लीगचे वेळापत्रक निदान तीन-चार वर्षांचे हातात आहे का. पहिल्या दोन गोष्टी क्लबच्या हातात आहेत, तिसरी महासंघाच्या.

धंद्यात रोज फिरणाऱ्या पैशाला मराठीत खेळते भांडवल असा सुंदर शब्द आहे. मजुरी, कच्चा माल, वीज हे सारे त्यातून भागते. कारखान्याची इमारत कितीही मोठी असली तरी ते आटले की भोंगा वाजत नाही. फुटबॉलमध्ये हा शब्द अक्षरशः खरा आहे. नेरुळचे भव्य स्टेडियम, घणसोलीची हिरवळ, मालकांची मोठी नावे ही झाली इमारत. खेळते भांडवल म्हणजे आठवड्याच्या आठवड्याला ठरल्या तारखेला होणारा सामना आणि त्यासाठी तयार असलेला सतरावा खेळाडू. त्याला एप्रिलचे पगारपत्रक आणि ऑक्टोबरचे वेळापत्रक एकाच वेळी दाखवता आले, तर त्याच्या आई-वडिलांना मी बिनदिक्कत सांगेन, खेळू द्या. आणि विजेतेपदाच्या प्रस्तावावर शिफारशीची सहीही करीन.